नाव कुठल्या रकान्यात?

"माझ्या मुलीनं नोकरी सोडायचं ठरवलंय. मी बोलायला गेले की भांडण होतं. तुम्ही तिला जरा समजावा."

फोनवरचा आवाज हुकूम द्यायची सवय असलेला होता. मी समुपदेशक, असे फोन मला महिन्याकाठी दोन-तीन तरी येतात. बहुतेक आयांचे, क्वचित वडिलांचे, आणि आश्चर्य वाटेल, पण सासवांचेही: 'शिकलेली, नोकरीवाली म्हणून सून केली, आता घरी बसते म्हणतेय.' याच प्रश्नाचं दुसरं टोक मुलींकडून येतं, रात्री अकरानंतर, मेसेजमधून. नोकरी सोडली तर मी फेमिनिस्ट उरत नाही का? लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून मैत्रिणी टोमणे मारतात. मला मंगळसूत्र घालायला आवडतं, माझं काही चुकतंय का?

ही दोन्ही टोकं एकाच घरात सापडली, तो अनुभव लिहिते. घरच्यांची परवानगी घेतलीय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मीनाताई पहिल्यांदा एकट्याच आल्या. वय पंचावन्न, बँकेत अधिकारी. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. मुद्दे लिहून आणले होते, एक ते सात. मला वाटलं, पहिला मुद्दा मुलीच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाचा असणार. तसं नव्हतं. पहिला मुद्दा होता, 'उद्या नवऱ्याशी पटलं नाही तर?' दुसरा, 'पुन्हा नोकरी मिळेल का?' तिसरा, 'हात पसरावा लागला तर?' अशा क्रमानं सहा मुद्दे त्यांनी खणखणीत वाचले. सातवा वाचला नाही. कागदाची घडी पुन्हा घातली आणि पर्सची चेन लावली. मी ते पाहिलं, विचारलं मात्र नाही.

मग त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. चांदवडजवळचं गाव, घरची कांद्याची शेती. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं होतं. राज्यभरातून लाखांनी बायका आल्या होत्या. सतरा वर्षांच्या मीनाताई आईबरोबर ट्रकमध्ये उभ्यानं तिथं गेल्या. "इतक्या बायका मी त्याआधी फक्त जत्रेत पाहिल्या होत्या," त्या म्हणाल्या. "पण जत्रेतल्या बायका कुणाच्या तरी बरोबर आलेल्या असायच्या. इथं त्या आपल्या आपण आल्या होत्या." त्या दोन दिवसांत त्यांनी ठरवलं की स्वतःच्या पायावर उभं राहायचं. बँकेची परीक्षा दिली. १९९२ मध्ये लग्न केलं, माहेरचं आडनाव ठेवलं. शाखेतले पुरुष 'आल्या स्त्रीमुक्तीवाल्या' म्हणायचे. हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

"आणि आता माझीच मुलगी म्हणते, आई, मला घरी राहायचंय. मग मी तीस वर्षं काय केलं, मॅडम?"

ऋचाला मी पुढच्या आठवड्यात भेटले. पुण्याला हिंजवडीत नोकरी, वय एकोणतीस, चौदा महिन्यांचा मुलगा. शनिवारी नाशिकला आली होती. तिनं सुरुवातच हल्ला परतवावा तशी केली. "आई म्हणते स्त्रीमुक्ती. मी म्हणते फेमिनिझम. फेमिनिझम म्हणजे चॉइस ना? मग माझी चॉइस घरी राहायची असेल, तर ती आईला का चालत नाही? तिची परीक्षा मी किती वर्षं द्यायची?"

इथं मी चुकले. म्हटलं, "ते ठीक आहे, पण आर्थिक स्वातंत्र्याचा विचार..." वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिचा चेहरा मिटला. "म्हणजे तुम्हीही आईच्याच बाजूच्या." त्यानंतरची पंचवीस मिनिटं तिनं माझ्या प्रश्नांना 'हो' आणि 'बघते' एवढीच उत्तरं दिली.

आम्ही समुपदेशकही आमच्या केसेस कुणापुढे तरी ठेवतो. मी दर महिन्याला एका ज्येष्ठ सहकारी बाईंकडे जाते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी मुलगी कुठं वाढली गं?" पाळणाघरात, मी म्हटलं. "मग तू त्या आईची समुपदेशक नाहीस, वकील आहेस." राग आला. घरी येईपर्यंत तो टिकलाही. पण मीनाताई आणि मी एकाच पिढीच्या. नोकरी टिकवली म्हणजे लढाई जिंकली, हे आमच्या दोघींच्या हाडात मुरलेलं. ऋचानं नोकरी सोडली असती तर माझ्याही आयुष्यावर कुणीतरी लाल शाईनं रेघ मारली असती. हे स्वतःशी कबूल केल्यावर मी ऋचाला फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "चालेल, मॅडम. पण एक सांगा. खरी व्याख्या काय आहे?"

हा प्रश्न टाळायचा नाही असं मी ठरवलं होतं. पुढच्या भेटीत तिला सांगितलं की या व्याख्येवरून आपल्याकडे चांगली दीडशे वर्षं वाद चालू आहे. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. बायकांच्या माथी मारलेले सगळे दोष पुरुषांत कसे ठासून भरलेत, ते त्यांनी असं काही सुनावलं की आजही वाचताना कान गरम होतात. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति' आलं. बायकांनी शिकावं, आळस सोडावा आणि पतीशी नीट वागावं, अशा उपदेशाचं पुस्तक. आज कुणी म्हणेल, ही कसली स्त्रीवादी? त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि अख्ख्या समाजाचा रोष अंगावर घेतला. पुढे १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबत होत्या, त्यांना 'घराबाहेर पडा, काम करा' हे सांगायची गरजच नव्हती. त्यांचे प्रश्न वेगळे होते. 'तुमच्या आम्ही बायकांमध्ये आम्ही कुठं?' असं दलित कार्यकर्त्यांनी नंतर स्पष्टच विचारलं.

ऋचा ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पासिंगचे मार्क कुणीच ठरवलेले नाहीत."

"नाहीत. पण म्हणून पेपरात काहीही लिहिलं तरी पास, असंही नाही," मी म्हटलं. पहिल्यांदाच हसली.

मग मी तिच्याशी आणि नंतर मीनाताईंशी एक करार केला. तीन आठवडे घरात फेमिनिझम, स्त्रीमुक्ती, स्त्रीवाद यातला एकही शब्द वापरायचा नाही. तो शब्द मला नकोसा आहे असं नाही, माझं अर्धं आयुष्य त्यावर उभं आहे. पण या घरात तो प्रमाणपत्रासारखा वापरला जात होता, एकीनं दुसरीचं जप्त करण्यासाठी. त्याऐवजी ऋचानं घरातल्या चोवीस तासांचा तक्ता भरायचा. किती वाजता कोण काय करतं, आठवडाभर. तिचा एक रकाना, नवऱ्याचा एक.

देशपातळीवर असा हिशेब सरकारनंच केलेला आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्यांपैकी बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं दिसलं. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना हे आकडे सांगितले की नवरे म्हणतात, 'आमच्याकडे तसं नाही हां.' म्हणून मी आकडे सांगत नाही, तक्ता देते.

ऋचाचा तक्ता नीट होता, रंगीत पेनांनी भरलेला. पाच चाळीसला उठण्यापासून ते रात्री अकराला बाटल्या उकळण्यापर्यंत. तिनं स्वतःच एक गोष्ट शोधून काढली होती. नवऱ्याच्या, म्हणजे रोहनच्या रकान्यात 'मदत' हा शब्द अकरा वेळा आला होता. भाजी चिरायला मदत, बाळाला झोपवायला मदत. तिच्या रकान्यात तो एकदाही नव्हता. "दोन्ही रकाने मीच भरलेत, मॅडम. हा शब्द मीच लिहिलाय," ती म्हणाली.

तक्त्यातून आणखी काय काय बाहेर आलं. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची झाली. ऋचाच्या कंपनीनं दोन्ही पाळलं होतं, कागदावर. पाळणाघर दुसऱ्या आवारात, गर्दीच्या वेळी तासाभरावर. बंद व्हायची वेळ साडेसहा. आणि तिच्या टीमच्या मीटिंगा सुरू व्हायच्या सातला, कारण पलीकडच्या देशात तेव्हा सकाळ व्हायची. कायद्यानं पाळणाघर होतं. तिथून बाळाला उचलून आणणारं माणूस नव्हतं.

मी विचारलं, "समज, पाळणाघर शेजारी आहे. संध्याकाळच्या मीटिंगा नाहीत. रोहन सहाला घरी येतो. तरी सोडली असतीस?"

मला वाटत होतं ती 'नाही' म्हणेल. म्हणजे मग सोपं होतं: तिची निवड ही निवड नव्हतीच, परिस्थितीनं लादलेली होती, असं छान समीकरण सुटलं असतं. ती बराच वेळ गप्प राहिली. "वर्षभर तरी सोडली असती. मला त्याच्याजवळ राहायचंय. हे कुणी ऐकूनच घेत नाही. आईला वाटतं मला कुणीतरी फूस लावली. मैत्रिणींना वाटतं मी दमलेय. मी दमलेय, ते खरंच आहे. पण मला राहायचंही आहे."

मी हे तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं.

रोहनला एकदा बोलावलं. सज्जन मुलगा. बसल्या बसल्या म्हणाला, "माझा फुल सपोर्ट आहे. तिची चॉइस आहे."

"तुम्ही सोडायचा विचार केलात का?"

तो हसला. मी हसत नाहीये हे लक्षात आल्यावर थांबला. "मी? नाही. म्हणजे... तो प्रश्न कधी आलाच नाही." पगारात फार फरक नव्हता, मी विचारलं होतं. त्यानं थापा मारल्या नाहीत, हप्त्यांचं कारण पुढे केलं नाही, हे मला आवडलं. जाताना मात्र दारात वळून म्हणाला, "मॅडम, ज्या पदाला एकच उमेदवार असतो, त्याला बिनविरोध निवड म्हणतात ना?" तो हे कुठल्या अर्थानं म्हणाला ते मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात 'मदत' हा शब्द चार वेळाच आला.

या घरात आणखी एक बाई होती, तिचा उल्लेख ऋचानंच जाता जाता केला. स्वयंपाकाच्या मावशी. त्यांनी विचारलं होतं, "ताई, तुम्ही घरी बसल्या तर माझं काम ऱ्हाईल ना?" ऋचाच्या डोक्यात हा प्रश्नच आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर मी आई आणि मुलगी दोघींना एकत्र बोलावलं. आल्या तिघी. मीनाताईंच्या आई मोतीबिंदूच्या तपासणीसाठी गावाहून आल्या होत्या, त्यांना घरी एकटं ठेवून कसं यायचं म्हणून बरोबर आणलेलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, नऊवारीतल्या, डोळ्यांवर तो काळा चष्मा. "मी बसते बाहीर," म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, आतच बसा. नियमानं असं करत नाहीत. त्या दिवशी केलं.

पहिली वीस मिनिटं ठरलेलं भांडण झालं, फक्त बंदी घातलेले शब्द वगळून. मीनाताई म्हणाल्या, नोकरी म्हणजे पाठीचा कणा. ऋचा म्हणाली, मी कणा काढून ठेवत नाहीये. आवाज चढत गेले. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "मीना, तू तरी कुठं माझं ऐकलं व्हतं?"

"काय ऐकलं नाही?"

"सही करू नको म्हनले व्हते."

खोलीत एकदम शांतता. ऋचानं विचारलं, कसली सही? मीनाताईंनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि सांगितलं. २००९ मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी भावानं दोघी बहिणींना बोलावलं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. एकाही रुपयाशिवाय. वाचकांपैकी किती जणींनी ही सही केली असेल, मोजायला नको.

इथं थोडा कायदा सांगायला हवा, नाहीतर त्या सहीचं वजन कळणार नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली होती. पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. मीनाताईंचं लग्न १९९२ चं, म्हणजे त्या बाहेर. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं ही अट काढून टाकली. म्हणजे २०१० मध्ये सही करताना कायदा त्यांच्या बाजूनं होता आणि बँकेत अधिकारी असलेल्या मीनाताईंना ते पक्कं माहीत होतं. इतरांची कर्जप्रकरणं त्यांच्याच टेबलावरून जायची.

"का केलीस?" ऋचानं विचारलं.

"राखीला जायचं कुठं मग? आणि मला नोकरी होती. मला जमीन काय करायची होती? तो माझा निर्णय होता."

"आई," ऋचा हळू आवाजात म्हणाली, "हेच वाक्य मी तुला गेल्या महिन्यात म्हणाले होते."

अशा वेळी समुपदेशकाला बोलायचा फार मोह होतो. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि गप्प बसले. बोलल्या त्या आजी. पण कुणाचीही बाजू न घेता, भलतंच काहीतरी.

"मला दोन एकर ह्यांनी दिली, लक्ष्मीमुक्तीत. पंचवीस-तीस वरसं झाली का गं? जास्तच झाली." शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तेव्हा गावोगाव सांगितलं होतं की नवऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावावर करावा. ज्या गावात शंभर घरं असं करतील, त्या गावाला मी येईन. आजींच्या नवऱ्यानं केलं. "फेरफार झाला तशी मी तलाठ्याकडं गेले. म्हनले, भाऊ, नाव कुठं लावलं? इतर हक्कात लावलं का? तो म्हने, न्हाई आजी, खातेदारात. तवा मी आजी नव्हते, पर तो आजीच म्हने. मी म्हनले, वाचून दाखव. त्यानं वाचलं. मंग घरी आले."

ज्यांनी सातबारा पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. मालकाचं नाव खातेदार म्हणून लागतं. ज्यांचा जमिनीवर काहीतरी दावा आहे पण मालकी नाही, त्यांची नोंद 'इतर हक्क' या रकान्यात. सोसायटीच्या कर्जाचा बोजाही तिथंच. आणि कित्येक घरांत आई, बहीण, विधवा वहिनी यांची नावंही तिथंच, बोजाच्या शेजारी.

मीनाताईंना राहवलं नाही. "पण आई, ती त्यांनी दिली म्हणून मिळाली. हक्क म्हणून नाही. त्यांनी दिली नसती तर?"

"न देते तर नाशकात तुझा बँकेचा क्लास कशावर लागला असता?" आजी म्हणाल्या. "त्याच्या एक साल आधी मी इचारलं तर म्हनले, पैसे न्हाईत. मंग माझ्या कांद्याचे पैसे माझ्या हातात आले."

हे मीनाताईंना ठाऊक नव्हतं. क्लासची फी वडिलांनी भरली, अशीच त्यांची समजूत होती.

मग ऋचानं तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी दोन महिने वाट शोधत होते. मला नाही, आजीला. "आजी, मी वर्षभर घरी राहिले तर माझं नाव कुठल्या रकान्यात लागेल?"

"ते तू बघ की, वाचून घे. माझ्यासारखं."

मीनाताईंनी पर्स उघडली. तोच कागद, घडीच्या रेघांवर आता झिजलेला. सातवा मुद्दा त्यांनी वाचला नाही, ऋचाच्या हातात दिला. तिनं मोठ्यानं वाचला. 'दीड ते पाच वर्षांची असताना मी तिला आईकडे ठेवलं. त्याचा हा सूड आहे का?'

बढती घेतली तेव्हा मीनाताईंची बदली नंदुरबारकडच्या शाखेत झाली होती. नवऱ्याची नोकरी नाशिकची. ऋचा साडेतीन वर्षं गावी, आजीकडे. शनिवारी रात्री मीनाताई धुळ्याला गाडी बदलून यायच्या आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायच्या. हे त्यांनी आतापर्यंतच्या चार भेटींत मला सांगितलं नव्हतं.

"सूड?" ऋचा म्हणाली. "आई, मी शनिवारी झोपेचं सोंग घ्यायचे. जागी दिसले तर तू आजीशी बोलत बसायचीस. झोपलेली दिसले की उचलून तुझ्या गोधडीत घ्यायचीस."

"आणि सोमवारी?"

"सोमवारीही जागी असायचे."

"मी चपला हातात घेऊन जायचे, तू उठू नयेस म्हणून," मीनाताई म्हणाल्या.

"माहितेय. मी तुझ्याविरुद्ध काही ठरवलेलं नाही. मला फक्त सोमवार नको होता."

पुढचं मी लिहिणार नाही. दहा-बारा मिनिटं कुणी काही बोललं नाही, एवढंच. आजींनी काळा चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

कुणी म्हणेल, म्हणजे प्रश्न स्त्रीवादाचा नव्हताच, आई-मुलीचा होता. मला ते पटत नाही. त्या एसटीच्या फेऱ्या एकट्या आईलाच का कराव्या लागल्या आणि त्या वर्षांत नाशिकच्या घरात बाबा काय करत होते, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. मुलीनं सूड आईवर घ्यावा अशी शंका आईला आली, बाबांवर का नाही? हा प्रश्न मी नंतर मीनाताईंना विचारला. त्या म्हणाल्या, "अरे देवा," आणि बराच वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांना आता विचारून काय उपयोग, बीपीचा त्रास आहे.

ऋचानं नोकरी सोडली नाही आणि धरलीही नाही. कंपनीकडे सहा महिने बिनपगारी रजा मागितली, नाही मिळाली तर राजीनामा द्यायचा असं ठरवून. मिळाली. पण त्याआधी तिनं आणि रोहननं एका कागदावर अटी लिहिल्या. कागदाच्या डोक्यावर तिनं 'खातेदार' असं लिहिलं होतं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहेच, तो तसाच राहील. दर महिन्याच्या पाच तारखेला रोहन ठरावीक रक्कम तिच्या खात्यात टाकेल, ती किराण्याची नाही, तिची. तिचा आरोग्यविमा आणि म्हातारपणासाठीची बचत बंद पडणार नाही. संध्याकाळी साडेसहा ते नऊ बाळ रोहनचं, आणि त्याला मदत म्हणायचं नाही. मावशींचं काम चालू राहील. पाचव्या महिन्यात पुन्हा बसून ठरवायचं, आणि तेव्हा रजा कुणी घ्यायची हा प्रश्न दोघांपुढे असेल.

माझ्या हातून हा कागद मीनाताईंनी घेतला आणि कर्जाचं प्रकरण तपासावं तसा वाचला. दोन त्रुटी काढल्या. एक, पाच तारखेच्या रकमेत महागाईनुसार वाढ धरलेली नाही. दोन, साक्षीदाराची सही नाही. दोन्ही ऋचानं मान्य केल्या. या अटी टिकतील का, मला सांगता येणार नाही. मी पाहिलेल्यांपैकी काही कागद फ्रिजवर चिकटून राहतात, काही महिन्याभरात बाळाच्या चित्रांखाली जातात.

मीनाताईंनी भावाला फोन केला का? नाही केला. सही परत घेता येत नाही, आणि त्यांना ती घ्यायचीही नव्हती. "पण आता मी तिला निर्णय म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "काय म्हणायचं ते अजून सापडलं नाही."

शेवटच्या भेटीलाही तिघी आल्या, बाळासकट. निघताना आजींनी विचारलं, तासाचे किती घेता? बाराशे, मी म्हटलं. त्यांनी मनाशी हिशेब केला. "म्हंजी आजच्या भावानं क्विंटलभर कांदा झाला की. नुसतं बोलायचे?"

"बोलायचे नाहीत आजी, ऐकायचे."

"मंग जास्ती झाले," त्या म्हणाल्या, आणि कमरेची पिशवी सोडून नोटा मोजायला लागल्या. मीनाताई म्हणाल्या, आई, राहू दे, मी देते. ऋचानं तोवर मोबाइल काढला होता. मी पावतीपुस्तक उघडलं आणि विचारलं, पावती कुणाच्या नावानं करू?

"माझ्या," आजी म्हणाल्या. "पैशे मी देतेय ना?" मी लिहायला लागले तशी त्या टेबलावर वाकल्या. पावतीला चष्म्याची काच लागेल इतक्या जवळून बघत म्हणाल्या, "वाचून दाखव."